हाडाला घाई नसते

आमच्या घरात कडक भाकरीचा एक मोठा स्टीलचा डबा आहे. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची आणि पार कडकडीत होईपर्यंत वाळू द्यायची. अशी भाकरी कितीतरी दिवस टिकते. ताटात शेंगाचटणी, तिच्यावर तेल किंवा दही, आणि मोडताना कट्‌ असा आवाज करणारी भाकरी. लहानपणी आम्ही भावंडं कुणाच्या तोंडातून जास्त मोठा आवाज येतो याची शर्यत लावायचो. आई नेहमी जिंकायची.

गेली दोन वर्षं आई ती भाकरी आमटीत भिजवून खाते. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा गेल्या, आणि डावीकडे चावायचं म्हटलं तर तिकडचीही एक ठणकते. याबद्दल ती कधी बोलली नाही. ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे. तक्रार करणं तिला मुलांचं काम वाटतं.

दिवाळीला मी पुण्याहून आले आणि तिला जुळे सोलापुरातल्याच एका दंतवैद्यांकडे घेऊन गेले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "काकू, हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवू. तो हाडाशी नीट जुळायला तीन-चार महिने जातील. तुमची शुगर बघता थोडे जास्तच धरा. मग त्यावर दात."

"लवकर नाही का होणार?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "पीआरएफ करता येईल. यांचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं, त्यातून जेलीसारखा भाग निघतो तो जखमेत ठेवायचा. भरून यायला थोडी मदत होते. खर्च वाढतो. खात्री देत नाही." मग हसून म्हणाले, "आता तर स्क्रूलाच ग्रोथ फॅक्टरचा लेप देण्यावर संशोधन चाललंय. हाड आपोआप पळत यावं म्हणून."

घरी आलो. आई झोपली. मी रात्री दोनपर्यंत फोनवर हाडांबद्दल वाचत बसले. त्या रात्री सुरू झालेला एक प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. शरीराचा म्हणून काही वेळ असतो का? असेल, तर तो विकत घेऊन कमी करणं बरोबर आहे का? आणि ते ठरवायचं कुणी?

जुळणं म्हणजे काय

आधी हा स्क्रू हाडात टिकतो कसा, ते बघू. ही गोष्ट अपघाताने सुरू होते. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रानेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण बघत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी उपकरणं हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात. हाडाने धातूला धरून ठेवलं होतं. १९६५मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस पुढे चाळीस वर्षं जगला आणि ते दात शेवटपर्यंत त्याच्या कामी आले. बाकीच्या जगाला मात्र हे पटायला १९८२ साल उजाडावं लागलं.

लोकप्रिय लेखांत लिहिलेलं असतं की शरीर टायटॅनियमला 'आपलं मानतं'. मलाही ते वाचून बरं वाटलं होतं. पण ब्रानेमार्क यांच्याच सहकाऱ्यांपैकी एक, टोमास अल्ब्रेक्टसन, यांनी पुढे वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते शरीर स्क्रूला परकाच समजतं. त्याला बाहेर ढकलता येत नाही आणि विरघळवताही येत नाही, म्हणून ते त्याच्याभोवती हाडाची भिंत बांधून घेतं. ही भिंत जितकी घट्ट, तितका दात पक्का. आपण ज्याला स्वीकार म्हणतो तो खरं तर एक टिकाऊ समझोता आहे.

आमच्या वस्तीचं नावच जुळे सोलापूर. गिरण्या, माग, बोळ यांच्या जुन्या शहराला दक्षिणेकडे जोडलेलं हे नवं शहर. माझे आईवडील पूर्व भागातल्या दोन खोल्यांतून इथे आले तेव्हा मी चार वर्षांची होते. आजी यायला तयार नव्हती. आली, पण पुढची कित्येक वर्षं ती 'गावात जाऊन येते' असंच म्हणायची, म्हणजे जुन्या घरी. मग कधीतरी ते म्हणणं थांबलं. नक्की कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही. जुळण्याची तारीख नसते, ते झालेलं असतं तेव्हा कळतं.

जबड्यात काय होतं, ते मात्र शास्त्रज्ञांना आठवड्यांच्या हिशोबात माहीत आहे. स्क्रू बसवला त्या दिवशी तो नुसत्या पिळाच्या जोरावर घट्ट असतो, भिंतीत खिळा असावा तसा. मग रक्ताची गुठळी होते. तिच्यातल्या प्लेटलेट्स फुटतात आणि निरोप सोडतात: इथे जखम आहे, या. साफसफाई करणाऱ्या पेशी येतात आणि स्क्रूभोवतीचं दुखावलेलं जुनं हाड खाऊन टाकतात. त्यानंतर नवं हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. जुनं गेलेलं आहे आणि नवं अजून पुरतं आलेलं नाही, अशी एक वेळ मध्ये येते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात स्क्रू पहिल्या दिवसापेक्षाही सैल असतो. बरं होण्याच्या वाटेवर आधी कमजोर व्हावं लागतं, असा हा हिशोब आहे. पुष्कळ इम्प्लांट याच काळात जपावे लागतात.

ग्रोथ फॅक्टरच्या लेपाची सगळी धडपड ही दरी बुजवण्यासाठी आहे.

हाडाला पाठवलेला निरोप

१९६५मध्येच, ब्रानेमार्क स्वीडनमध्ये पहिला स्क्रू बसवत होते तेव्हा, अमेरिकेत मार्शल युरिस्ट या हाडांच्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक निरीक्षण छापलं. हाडातलं कॅल्शियम आम्लाने धुऊन काढलं आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथे, स्नायूत, नवं हाड तयार होतं. म्हणजे त्या सांगाड्यात काहीतरी असं आहे जे शेजारच्या पेशींना 'हाड व्हा' असं सांगतं. पुढे त्या 'काहीतरी'ला बीएमपी हे नाव मिळालं. हाड घडवणारी ही प्रथिनं. १९८०च्या दशकाअखेर त्यांची जनुकं हाती लागली आणि ती कारखान्यात बनवता येऊ लागली.

मग स्क्रूवरच हा निरोप लिहून पाठवला तर? कल्पना इतकी साधी की तिच्यात काही चुकू शकेल असं वाटतच नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बीएमपी-२चा लेप दिलेल्या स्क्रूंभोवती हाड खरंच वाढलं. पण दोन अडचणी निघाल्या.

पहिली वेळेची. लेपातलं प्रथिन जखमेत गेलं की बरंचसं पहिल्या काही तासा-दिवसांतच वाहून जातं. हाड बांधणाऱ्या पेशी तोवर पुरत्या पोचलेल्याही नसतात. पाहुणे यायच्या आधीच पंगत उठते. दुसरी अडचण मात्रेची. वाहून जाणार म्हणून जास्त घालावं, तर हा निरोप फक्त बांधणाऱ्यांनाच ऐकू जात नाही. हाड खाणाऱ्या पेशीही त्याने जाग्या होतात. काही प्रयोगांत मात्रा वाढवली तेव्हा स्क्रूभोवतीचं हाड आधी उलट झिजलं, सूज आली. जी दरी बुजवायची होती तीच खोल झाली.

शरीर स्वतः हा निरोप अतिशय थोडा आणि सतत देत राहतं. नॅनोग्रॅममध्ये, कित्येक आठवडे. आपल्याला तो मिलिग्रॅममध्ये, एकदाच आणि आजच द्यायचा असतो. नॅनो आणि मिलि यांच्यात दहा लाख पटींचं अंतर आहे. म्हणूनच आता संशोधक लेप हळूहळू सुटेल अशा युक्त्या शोधतायत. थरावर थर चढवायचे, प्रथिन खनिजात अडकवायचं. म्हणजे घाईसाठी निघालेलं विज्ञान शेवटी सावकाशीचं तंत्र शिकायला बसलं आहे. ते मला त्याच्या कमीपणाचं वाटत नाही. उलट विज्ञान तिथे सगळ्यात प्रामाणिक असतं.

सगळीकडे मात्र तसं झालं नाही. बीएमपी-२ लावलेलं 'इन्फ्यूज' हे उत्पादन अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००७ साली जबड्यातलं हाड वाढवण्यासाठी मंजूर झालं. हाड खरंच येत होतं. कंपनीच्या पैशातून झालेल्या १३ अभ्यासांत या प्रथिनामुळे झालेला एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. डॉक्टरांनी ते मंजुरी नसलेल्या जागीही वापरायला सुरुवात केली. मानेच्या मणक्यात वापरल्यावर काही रुग्णांचा गळा इतका सुजला की श्वास घेणं कठीण झालं, आणि २००८मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. २०११मध्ये 'द स्पाइन जर्नल'ने अख्खा अंक काढून जुन्या अभ्यासांची उलटतपासणी केली, तेव्हा बरेच दुष्परिणाम सांगायचे राहून गेले होते असं दिसलं. २०१२मध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीने अहवाल दिला: मेडट्रॉनिक कंपनीच्या माणसांनी त्या लेखांच्या मसुद्यांत हात घातला होता, आणि लेखक डॉक्टरांचे कंपनीशी मोठे आर्थिक संबंध होते. पुढच्याच वर्षी स्वतंत्र संशोधकांनी सगळी माहिती पुन्हा तपासली. मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच कमरेचं हाड वापरण्यापेक्षा फार काही जास्त मिळत नव्हतं.

हे वाचून मला प्रथिनाचा राग आला नाही. प्रथिन खोटं बोललेलं नव्हतं, त्याला सांगितलेलं काम ते करत होतं. खोटी होती ती त्याच्याभोवतीची घाई. लवकर विकायची, लवकर छापायची, लवकर उठून चालायची. आणि या तीन घायांपैकी रुग्णाची फक्त शेवटची होती.

वाट पाहण्याचं कौतुक पुरे

इथवर आल्यावर लेख कुठे जाणार हे तुम्हाला वाटत असेल. निसर्गाला त्याचा वेळ द्या, आपली पिढी फार उतावीळ झाली आहे, दहा मिनिटांत किराणा मागवते, वगैरे. मलाही त्या रात्री तेच लिहावंसं वाटलं होतं. पण ते अर्धंच खरं आहे.

ज्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं तिथे मी वाढले. वाट पाहण्याने माणूस थोर होतो असं मला कुणी सांगू नये. त्याने फक्त पिंप वाढतात. वाट पाहण्याची वेळ सगळ्यांवर सारखी येत नाही, आणि ज्यांच्यावर सगळ्यात जास्त येते त्यांना संयमाचे धडेही सगळ्यात जास्त मिळतात.

जुन्या घराशेजारी एक अक्का राहायच्या. तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे बोलताना, हसताना, आम्हाला रागावतानासुद्धा बोटं चालूच. सकाळी त्या दाताला मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांचं काय करते हे आज मला माहीत आहे. तेव्हा आम्हाला त्यांची काळी बोटं बघायला मजा वाटायची. पन्नाशीच्या आत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. पुढे कवळी आली. ती नीट बसायची नाही, म्हणून पेल्यातच असायची, आणि अक्का भाकरीचा काला करून खायच्या.

तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह या दोन गोष्टींनी जबड्याचं हाड हळू भरतं आणि इम्प्लांट निकामी व्हायची शक्यता वाढते. म्हणजे हाडाला बाहेरून निरोप पाठवायची गरज कुणाला असेल, तर ती अक्कांसारख्या बाईला. तिच्या बाबतीत ही घाई नाही. इतरांचं हाड ज्या गतीने सहज भरतं, त्या गतीपर्यंत तिला आणून सोडणं आहे. मागे राहिलेल्याला हात देणं आणि पुढे असलेल्याला आणखी पुढे ढकलणं, या दोन कृती बाहेरून सारख्याच दिसतात. तोच लेप, तोच स्क्रू, तेच बिल. पण त्या एक नाहीत.

आणि गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की हा लेप उद्या बाजारात आला तर पहिल्यांदा कुणाकडे जाईल? ज्याचं हाड तसंही दोन महिन्यांत भरलं असतं, पण ज्याला लग्नाचे फोटो काढायचेत, त्याच्याकडे. अक्कांसमोर कुणी इम्प्लांट हा शब्दही उच्चारला नसता. त्यांच्यासाठी 'दात काढा' आणि 'कवळी करा' एवढंच दंतवैद्यक होतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. नवी गोष्ट आधी पैसेवाल्यांकडे जाते, मग स्वस्त होते, मग सगळ्यांना मिळते. मोबाइलचं तसंच झालं. इम्प्लांटचंही काही अंशी झालं: स्क्रूचा पृष्ठभाग खडबडीत करण्याची साधी युक्ती सापडली आणि पूर्वी तीन ते सहा महिने लागायचे तिथे बऱ्याच रुग्णांचं काम दीड-दोन महिन्यांवर आलं. त्यात प्रथिन नाही की जनुक नाही, फक्त वाळूचा मारा आणि आम्ल. आज ती जवळपास सगळीकडे वापरली जाते. मी वेगाच्या विरोधात नाही. पण स्वस्त होण्याची वाट बघण्यात कुणाचं आयुष्य खर्ची पडतं हेही मोजायला हवं. अक्का आता नाहीत.

घाई कुणाची

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सगळं सांगायला बसले. ब्रानेमार्क, ससा, प्रथिन, सिनेट. ती ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं झालं. पण काल डॉक्टरला 'लवकर नाही का होणार' असं कोण विचारलं?"

मी गप्प झाले. ते मीच विचारलं होतं.

मला आठ दिवसांची रजा होती. पुढची कधी मिळेल माहीत नव्हतं. तिला एकटीला दवाखान्यात फेऱ्या घालाव्या लागतील याचा मला अपराध वाटत होता, आणि तो अपराध मला पैसे देऊन मिटवायचा होता. तिच्या हाडाला मी माझ्या रजेच्या वेळापत्रकात बसवत होते. एवढं वाचून, कंपनीची घाई आणि रुग्णाची घाई वेगळी असते असं मोठ्या हुशारीने शोधून काढून, स्वतःची घाई मात्र मी प्रेम या नावाखाली खपवली होती.

मला वाटतं, नैतिक प्रश्न इथेच असतो आणि बहुतेकदा तो इतकाच लहान असतो. विज्ञानाने शरीराच्या वेळेत हात घालावा का, या मोठ्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण औषध म्हणजेच शरीराच्या वेळेत घातलेला हात. टाके घालणंही त्यातच आलं. विचारायचं ते हे: घाई नक्की कुणाची आहे, आणि ती फसली तर दुखणार कुणाला. ही दोन माणसं एकच असतील, तर त्या माणसाला खुशाल घाई करू द्यावी. तो त्याचा हक्क आहे. ६१ वर्षांच्या बाईला 'जरा धीर धर' म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण तिच्यापाशी उरलेले महिने माझ्या महिन्यांपेक्षा महाग आहेत. पण घाई एकाची आणि जबडा दुसऱ्याचा असेल, तर थांबायला हवं. मग घाई करणारी कंपनी असो, डॉक्टर असो की मुलगी.

"मग तुला काय करायचंय?" मी शेवटी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"त्यांना एक विचारायचंय," ती म्हणाली.

आम्ही परत गेलो. तिने शाळेतल्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, माझ्या रक्ताच्या त्या जेलीनं जास्त फरक पडतो का माझी शुगर खाली आल्यानं?"

डॉक्टर हसले नाहीत. "शुगरनं, काकू. खूपच जास्त. जेलीचा फायदा सुरुवातीच्या आठवड्यांपुरता दिसतो. वर्षानं बघितलं तर फारसा फरक राहत नाही."

"मग तीन महिन्यांनी येते."

तीन महिने का, तर रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी जी तपासणी असते ती साधारण तेवढ्याच काळाचा हिशोब सांगते. हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं. ती रोज पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला चालायला जाऊ लागली. भात कमी केला. गड्ड्याच्या यात्रेत जिलेबीला हात लावला नाही, असं ती सांगते. त्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पण जानेवारीअखेरची तपासणी चांगली आली, आणि स्क्रू बसला. लेप नाही, जेली नाही. मी तिथे नव्हते. शेजारच्या काकू बरोबर गेल्या होत्या.

यातून कुणी असं काढू नये की तिने निसर्गाची बाजू घेतली. तिने फक्त हिशोब नीट केला: जे तिच्या हातात होतं ते आधी, आणि जे विकत मिळत होतं ते नंतर, गरज पडली तर. शुगर खाली आली नसती तर तिने पीआरएफ करून घेतलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. अक्कांसारखं हाड असतं आणि चांगला, तपासलेला, प्रामाणिकपणे सांगितलेला लेप हाताशी असता, तर मी कर्ज काढून तो लावायला सांगितला असता. अर्थात, तिला विचारून.

आज तिसरा आठवडा आहे. मी वाचलेल्या हिशोबाप्रमाणे स्क्रू या दिवसांत सगळ्यात सैल असणार. पुण्यात बसून मला दर दोन तासांनी फोन करावासा वाटतो. काल केला तेव्हा ती कडक भाकऱ्या करत होती.

"खाऊ नकोस अजून," मी म्हणाले.

"मी कुठं खायलेय? डबा भरून ठेवायलेय. टिकतात की त्या."